सहा चाकांचं कुलूप

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात बाईचं काम अजून मिशा काढलेले पुरुषच करायचे. या वर्षी ते मी करणार, असं मी सांगून टाकलं. काकाजींना झोंबलं. "आपल्या घरची पोरगी स्टेजवर नाचन?" बाप गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चाले. तुझं नाटकाचं लुगडं न् घुंगरू चुलीत घालतो, म्हणाले.

मीही काही कमी हट्टाची नव्हते. वडशाच्या बाजारातून सहा चाकांचं, आकड्यांचं कुलूप आणलं आणि सामान आईच्या लोखंडी पेटीत कोंडलं. काकाजी हातोडा घेऊन आले, तर आई आडवी आली. "पेटी माह्या माहेरची हाये, भाऊजी. आंदणाच्या वस्तूवर घाव घालाचा नाई. खोलाचं असन तं आकडा शोधा."

ते हसले. आम्हा बौद्धांच्या घरात आकडा कोणता असणार? त्यांनी दीक्षेची तारीख लावली. मग जयंतीची. मग सहा डिसेंबर. कुलूप ढिम्म. अहो, तारीख ठेवायला मी काय खुळी? कुलूप उघडं असताना डोळे मिटून चाकं फिरवली होती आणि जो आला तोच आकडा कायम केला होता. तो माझ्या डोक्यातूनच निघाला नव्हता, तर माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना काय सापडणार?

मग सगळी शून्यं लावून ते एकेक आकडा चढू लागले. धान कापून आले की पेटीपुढे. आकडे होते दहा लाख. माणसाला जेवण लागतं, झोप लागते, अंगठा दुखतो, आणि कोणी हाक मारली की आपण कुठवर आलो तेच विसरायला होतं. मी तर मुद्दाम हाक मारायचे. "चहा घेता का, काकाजी? घ्या. पुढच्या मंडईपर्यंत टाइम हाये."

मंडईच्या सकाळी ते अंगठ्याला चिंधी बांधून बसलेलेच होते. पहिलं चाक अजून शून्यावरच. मी त्यांच्यासमोर बसून ते नवावर नेलं, बाकीची फिरवली आणि कुलूप उघडलं. "नऊ?" एवढंच ते बोलले. मी लुगडं घेतलं, घुंगरू घेतले आणि कुलूप त्यांच्या हातात ठेवलं.

"आता लावा रिकाम्या पेटीले."

रात्री पडदा वर गेला. काकाजी आले नव्हते. आमच्याकडे नाटकाला बसायचं घरून आणतात. आई पहिल्या रांगेत तीच पेटी ठेवून तिच्यावर बसली होती.