रिमांड म्हणजे घरी

उचगावचा नागोजी मराठा पलटणीतून लढाईवर गेला, आफ्रिकेत पकडला गेला आणि इटलीतल्या कैदेतून जीव वाचवून परत आला. येताना त्याने आणली ती फक्त इटालियन भाषा, तीही पहारेकऱ्यांच्या शिव्या खाऊन शिकलेली. गावात ती कुणाच्या कामाची? परतल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. ताटात पडेल ते खायचा, सांगतील तिकडे जायचा.

पंचेचाळीस साली बेळगावच्या कोर्टातून बोलावणं आलं. जांबोटीच्या रस्त्यावर मोरी बांधायला आणलेल्या पेपीनो नावाच्या इटालियन युद्धकैद्याने मुकादमाचं डोकं फोडलं होतं. इटालियन जाणणारा दुसरा कुठला मिळायला? नागोजीलाच दुभाषी म्हणून उभं केलं.

मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, "रिमांडेड."

आता आली का पंचाईत! नागोजीला तिकडच्या छावणीतला अगदी तसाच वाजणारा शब्द आठवला, 'रिमान्दातो'. पत्ता चुकलेलं पत्र परत धाडताना पहारेकरी तो म्हणायचे. आयता सापडला म्हणून त्याने तोच ठोकून दिला. पेपीनोने त्याचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडला. परत पाठवणार म्हणजे घरी पाठवणार, असं तो समजला.

बाहेर आल्यावर कोर्टाच्या शिरस्तेदारांनी नागोजीला झापलं. "रिमांड म्हंजे कच्ची कैद रं. परत तुरुंगात."

पुढच्या तारखेला साहेब पुन्हा तेच म्हणाले. या खेपेला नागोजीने सरळ 'तुरुंग' असं सांगितलं. पेपीनो हसला आणि काहीतरी बोलला. साहेबांच्या तोंडचा शब्द त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि तो त्याच्या मायबोलीतला होता. दुभाषीच चुकतोय, अशी त्याची खात्री झाली.

"काय म्हनतोय त्यो?" हवालदार परशरामने विचारलं.

"घरी चाललोय म्हनतोय."

"मग खरं सांग की त्येला."

"सांगितलं आण्णा. पटंना झालंय."

बेड्या वाजवत चालताना पेपीनोने विचारलं, तू तर घरी पोचलास, आईने पहिल्या दिवशी काय करून घातलं?

नागोजीची आई तो इटलीत असतानाच वारली होती. घरी आल्यावर कुलूप उघडून त्याने स्वतःच चूल पेटवली होती. रडू तेव्हाही आलं नव्हतं.

"भाकरी," तो म्हणाला.

"आणि?"

"वांग्याचं भरीत. लोणी."

"आणि?"

तुरुंगाचं दार येईपर्यंत नागोजी एकेक पदार्थ सांगत राहिला.