समासातली कपाशी

बायबलचं पान उघडलं की काकू आधी त्यावर अलगद फुंकर घालायच्या, मग अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पापडाहून पातळ हाये, सिस्टर. हात हलका ठेवा."

मी दारव्ह्यात एका दवाखान्यात नर्स आहे. काकू समोरच राहायच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. आमचं चर्च एकच. तिथल्या मुलांचा रविवारचा वर्ग बरीच वर्षं मी घेत होते. नोकरी पोटासाठी, वर्ग माझ्यासाठी. त्याहून जास्त काही सांगत नाही.

बायबलच्या पानांवर चित्रं काढत वाचन करायचं, हे काकूंनी मोबाइलवर पाहिलं आणि पेन्सिली घेऊन त्या माझ्या घरी हजर झाल्या.

"पवित्र शास्त्रात चित्रं? पाळकसाहेब काय म्हणतील?"

"भेता कायले? मी हाये नं."

शिकवायच्या मात्र झकास. आधी एकच ओळ निवडायची, ती डोक्यात घोळू द्यायची. पानाखाली पुठ्ठा. वर डिंकाच्या पाण्याचा पातळ हात, तो पुरता वाळला की रंगीत पेन्सिल. स्केचपेन बिलकूल नाही. पानाच्या कडेचा समास करंगळीएवढा, त्यात मावेल तेवढंच.

रानातल्या फुलांच्या उताऱ्याशी आम्ही अडलो. तिथलं फूल दोघींनीही कधी पाहिलेलं नव्हतं.

"कपाशी काढा," काकू म्हणाल्या.

"अहो, ती फुलं सूत कातत नाहीत असं लिहिलंय इथं."

"मंग कपाशी कुठं कातते? कातणारे दुसरेच!"

पोट दुखेपर्यंत हसलो. माझ्या समासात कपाशीचं पिवळं फूल आलं. तो उतारा मी लहानपणापासून म्हणत होते, पण सावकाश वाचला तो त्या दुपारी.

"आता पोरायले शिकवा," काकूंनी धोशा लावला. मी शिकवलं.

एका मुलीनं घरी लाल स्केचपेन चालवला. रंग मागच्या पानावर उतरला. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर तिचे वडील ते बायबल हातात धरून उभे राहिले. पाळकसाहेबांनी विचारलं, "हे कोणी सुरू केलं?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

"मुलांना मी शिकवलं," मी म्हणाले. "मला काकूंनी."

काकू उठल्या. "मी तं वहीत काढा म्हणलं होतं. माह्यं पाहा नं, एक रेघ तरी हाये का?" त्यांनी आपलं बायबल उघडून सगळ्यांसमोर पानं फडफडवली. दुकानातून आत्ताच आणल्यासारखं कोरं.

तेव्हा लक्षात आलं. इतक्या दुपारी टेबलावर उघडं असायचं ते माझंच.

पाळकसाहेबांनी वर्ग माझ्याकडून काढून काकूंना दिला. त्यांनी तो घेतला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्या दिवशी त्या डब्यात भरीत घेऊन दारात. "सिस्टर, रागावल्या का? मी एकटी बाई. चर्च सुटलं तं मले कोण पुसते?"

खरंही असेल. भरीत खाल्लं, डबा घासून परत केला. आत या म्हटलं नाही.

वर्ग त्यांना झेपला नाही. मुलं हळूहळू गळाली. आता ती उपासनेत आईशेजारी चुळबुळत बसतात. मला कोणी परत बोलावलं नाही.

पुढे नागपूरला राहणारा त्यांचा मुलगा काकूंना तिकडे घेऊन गेला. ऑटोत बसताना त्यांनी हाक मारली, "सिस्टर, येतो बरं!"

मी दोरीवर चादर वाळत घालत होते. तोंडात चिमटा होता. तो काढून बोलता आलं असतं. काढला नाही.