नवापुरातली एकुलती एक चड्डी

तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या नवापूरच्या किनाऱ्यावर पाच-सहा वर्षांची पोरं उघडीच हुंदडायची. चड्डी फक्त माझ्या मुलाला. तीसुद्धा मी शिवलेली, जाड मांजरपाटाची, नाड्याला जाळ्याची पक्की गाठ. बायका म्हणायच्या, "चौथी शिकलेली आई! हिचा लेक सायब होनार." मीही नाक वर करून चालायची.

खरं कारण वेगळंच होतं. तो तान्हा असताना तेल लावता लावता मला कळलं होतं, की त्याच्या एका बाजूची गोटी जागेवर नाही. पिशवी रिकामी. मला वाटलं, पोर अर्धवट जन्मलं आणि दोष माझ्या पोटाचा. नवरा सदा होडीवर, त्याला सांगितलं नाही. सासूला तर मुळीच नाही. झाकलं की संपलं, असा माझा चौथी पास हिशेब.

मुलाला सहावं लागलं. एका सकाळी बोंबील वाळत घालता घालता सासूबाई म्हणाल्या, "गो, त्याला डाक्तरला कवा दाखवतेस? गोटी अजून उतरली नाय."

माझ्या हातातले बोंबील वाळूत पडले. "तुमाला कोनी सांगितलं?"

"चार वर्सं तू मासळीची पाटी घेऊन बोयसरला जातेस. मागं त्याला आंघोळ कोन घालतं? तुझी चड्डी?"

"मग बोलला का नाय, आई?"

"तू एवढी गाठ मारून ठेवलेली. बोलले असते तर म्हनाली असतीस, सासू नातवाला नावं ठेवते."

मला स्वतःलाच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं पालघरला गेलो.

डॉक्टर म्हणाले, "बाळाच्या पोटातून ती खाली उतरत येते. याची जांघेत अडकलीय. यात तुमचा दोष काही नाही. पण वरच राहिली तर पुढे मूल होताना अडचण येऊ शकते. ऑपरेशन करून खाली आणता येईल. आता मात्र थांबू नका."

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. खाली आणलेली गोटी परत वर सरकू नये म्हणून तिला दोरा लावून तो रबराने मांडीपाशी ताणून ठेवला होता. मी जाळी विणणारी बाई. रोज सकाळी वाकून गाठ तपासायची. शेवटी सर्जनना म्हटलंच, "ही सुटेल हो. जाळ्याची मारून देऊ?"

"राहू द्या बाई. मासा पळणार नाही."

सासूबाईंनी मला असा चिमटा काढला, की दंडावर वळ उठला.

आठवड्याने दोरा कापला. सर्जननी बोटांनी चाचपलं, मुलाला खोकायला लावलं, पुन्हा चाचपलं. तेवढ्यात मी गावातल्या सगळ्या देवांना नारळ बोलून टाकले.

"राहिली जागेवर," ते म्हणाले. "तपासायला आणत जा. पण पोरगा छान आहे."

सासूबाई पदराआड रडल्या आणि मला म्हणाल्या, "रडतेस काय, येडी!"

जखम पुरती भरली तेव्हा मी किनाऱ्यावर त्याच्या नाड्याची गाठ सोडायला बसले. म्हटलं, "जा, आता खेळ मोकळा."

त्याने दोन्ही हातांनी चड्डी घट्ट धरली. "नको. मला लाज वाटते."

सासूबाई हसून हसून वाळूतच बसल्या. "घे! आता शिव आनखी चार."

शिवल्या. पण त्यांच्या नाड्याला साधी सुरगाठ मारली, त्याची त्याला सोडता येईल अशी.