जाड दांड्यांची चाळणी

माझ्या भावाचा उजवा हात कोपराखाली कापल्याला सव्वा महिना झाला होता, तेव्हा आम्ही दोघं नवी चाळणी बघायला निघालो.

आमचा खडी क्रशर सोलापूरपासून अर्ध्या तासावर, अक्कलकोटच्या बाजूला आहे. वडिलांनी सुरू केलेला. ते गेल्यावर साइट धाकट्या भावाने घेतली आणि ऑफिस मी घेतलं. ऑफिस म्हणजे सोलापुरातल्या आमच्या घराचीच पुढची खोली. कुठली मशीन घ्यायची, कधी घ्यायची, हे शेवटी माझ्या सहीवर ठरायचं.

आमची चाळणी एका खोलीएवढी होती. खाणीतून टिपर येतो त्यात नुसता दगड नसतो. मुरूम असतो, पावसाळ्यात काळी चिकट माती असते. ते सगळं तसंच क्रशरच्या जबड्यात घालून चालत नाही. आधी माती-मुरूम खाली गाळायचा आणि दगड तेवढा पुढे सरकवायचा, हे चाळणीचं काम. वडिलांच्या काळातली ती चाळणी जाळीची होती. उन्हाळ्यात ठीक चालायची. पाऊस लागला की जाळीची भोकं चिखलाने बुजायची, दगड त्यात रुतून बसायचे, आणि मग कुणीतरी वर चढून पहारीने ते मोकळे करायचं. तेही चालू मशीनवर. बंद केलं तर मागचा सगळा माल तुंबायचा आणि पुन्हा सुरू करताना मोटर लोड घ्यायची नाही. म्हणून कुणीच बंद करत नसे. वडीलही करत नसत.

त्या दिवशी भाऊ चढला. पहार अडकली, हिसका बसला आणि शर्टाची बाही मोटरच्या पट्ट्यात गेली. मी ऑफिसात चहा पीत होते. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून असलेल्या मिस्त्रींचा फोन आला.

"अक्का, तुमी हितं येऊ नका. शीदा दवाखान्यात जावा."

मी काय झालं विचारलं नाही. चहाचा कप आत नेऊन धुतला, पालथा घातला आणि मग रिक्षा पकडली. कप का धुतला, ते मला आजही सांगता येत नाही.

दवाखान्यातल्या दिवसांचं मला फार थोडं आठवतं. औषधांच्या पिशव्या आठवतात. लिफ्टमधला आरसा आठवतो. भावजय रडायची, मी तिच्या पाठीवर हात ठेवायचे, आणि तो हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटायचा. भाऊ नीट बोलायला लागला तेव्हा त्याने पहिल्यांदा मिस्त्रींना विचारलं, "चाळणी?"

"बंद हाय," मिस्त्री म्हणाले.

"बंदच ठेवा. नवी आणायची."

मला वाटलं, आता मी एकटी जाऊन बघून येईन. पण टाके निघाल्यावर तो म्हणाला, "मी येणार. तुला काय कळतं की त्यातलं?" भावजयीने त्याच्या शर्टाची रिकामी बाही दुमडून पिन लावून दिली, आणि आम्ही सात रस्ता चौकाजवळच्या एका मशिनरी एजंटच्या ऑफिसात गेलो.

तिथे एसी होता. एजंट चांगला माणूस होता, आम्हाला बसायला देऊन त्याने थंड पाणी मागवलं. भावाच्या बाहीकडे न बघायचा तो फार प्रयत्न करत होता. लॅपटॉपवर त्याने व्हिडिओ लावला. पिवळी धमक मशीन, निळं आकाश, धुळीचा कण नाही. तासाला किती टन, बेअरिंग कुठलं, स्प्रिंग कसल्या, सगळं त्याने सांगितलं. मी वहीत लिहून घेत होते. अक्षर माझंच होतं, पण लिहिलेलं डोक्यात जात नव्हतं.

सगळं ऐकून झाल्यावर भावाने विचारलं, "माल अडकला तर माणसानं उभं कुठं राहायचं?"

"सर, आमच्या मशीनमध्ये अडकतच नाही."

"पावसाळ्यात?"

"नाही सर. टेक्नॉलॉजीच तशी आहे."

भावाने माझ्याकडे बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "एळु, अक्का." ऊठ. घरात आम्ही निम्मं बोलणं कन्नडमध्येच करतो. मी वही मिटली.

आणखी दोन ठिकाणी फोनवर त्याने हाच प्रश्न विचारला. एकाने विषय बदलला. दुसरा म्हणाला, फोटो पाठवतो, आणि पाठवले नाहीत. शेवटी मिस्त्रींनीच कुठून तरी माहिती काढली की वेळापूरच्या पुढे एका क्रशरवर जाड दांड्यांची चाळणी आहे, त्यांचा माल आपल्यासारखाच चिकट आहे, आणि मालक बघू देतो. आम्ही गाडी ठरवली. मिस्त्री पुढे बसले, आम्ही दोघं मागे.

पोचलो तेव्हा मशीन चालू होती. आवाज छातीत येत होता. मालक साठीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. हातानेच त्याने या या म्हणून खुणावलं. मिस्त्री पुढे गेले, मी गेले. चार पावलांनी लक्षात आलं की भाऊ शेजारी नाही. तो मागे थांबला होता. गाडीपासून थोडं पुढे येऊन त्याचे पाय थांबले होते. त्याचा डावा हात उजव्या बाहीच्या दुमडीवर घट्ट होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी परत जाऊन त्याच्याजवळ उभी राहिले.

मालकाने ते पाहिलं असावं. त्याने चाळणीजवळची एक लाल दोरी ओढली. सगळं थांबलं. इतकी शांतता झाली की लांबचा ट्रॅक्टर ऐकू आला.

"या आता," तो म्हणाला. "जेवायची येळ झालीच हाय."

भाऊ गेला. डाव्या हाताने कठडा धरून लोखंडी जिना चढला. वर फिरायला रुंद फळी होती, कमरेएवढा कठडा होता, पट्ट्यावर पत्र्याचं झाकण होतं. चाळणीला जाळी नव्हती. मनगटाएवढे पोलादी दांडे उतरते लावलेले, आणि दोन दांड्यांमधली फट वरच्या टोकाला अरुंद, खालच्या टोकाला रुंद. मला कशासाठी ते कळेना. भाऊ समजावून सांगायला लागला. दोन्ही हातांनी दाखवायची त्याची सवय. डावा हात उभा धरला, पण समोर धरायला दुसरा नव्हता. मी माझा उजवा हात त्याच्या हातासमोर धरला.

"आता बोटांकडची बाजू लांब ने," तो म्हणाला. मी नेला. "बघ. दगड जसा खाली सरकतो तशी जागा वाढत जाते. म्हणून रुतत नाही."

मग त्याने मालकाला आपला तोच प्रश्न विचारला.

मालक हसला. "अडकतं की! न अडकायला काय झालं? पावसात दिवसातनं एकदा तर अडकतंच. पर आमी दोरी वढतो, बंद करतो, मग चढतो. मोटर मोठी घेतली, म्हंजी भरल्या मालावर बी परत उचलती. टाइम जातो. जाऊ दे."

बनवणाऱ्याचं नाव त्याने मला वहीत लिहून दिलं. परतताना करकंबला आम्ही चहाला थांबलो. मिस्त्री पान आणायला गेले होते. भाऊ बशीत चहा ओतून घेत होता, डाव्या हाताने, सांडत. मी म्हणाले, "तू मला दोनदा सांगितलं होतंस, जाळी बदलू या म्हणून."

"तीनदा," तो म्हणाला.

मला वाटलं, आता रडू येईल. मी वाट पाहिली. आलं नाही. समोर ऊस भरलेली गाडी वळत होती, तिच्याकडे बघत बसले.

बशीतला चहा संपवून तो म्हणाला, "आणि बंद न करता मीच चढलो की. तू चढवलंस का?" त्यात माफी होती की नुसती माहिती, मला कळलं नाही. त्याने बशी पुढे केली. मी त्यात उरलेला चहा ओतला.

मशीन घेतली तशीच, त्याच बनवणाऱ्याकडून. दांडे, झाकण, फळी, कठडा, दोरी, मोठी मोटर, सगळं भावाने कागदावर डाव्या हाताने लिहून काढलं होतं. वाकड्यातिकड्या अक्षरांची ती यादी मी जशीच्या तशी ऑर्डरला जोडली. खाली सही केली. जुनी चाळणी भंगारवाल्याने गॅसने कापून नेली. ते बघायला भाऊ आला नाही. मी गेले होते.

नवी बसवल्यावर पावसाळ्यात पहिल्यांदा माल अडकला तेव्हा मी साइटवर होते. कुणीतरी दोरी ओढली. मिस्त्री पहार घेऊन चढले. भाऊ खाली स्विचच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला आणि पेटीच्या दारावर त्याने डावा हात सपाट ठेवला.

"बंद आहे की रे," मी म्हणाले.

"ठाऊक हाय," तो म्हणाला, पण हात काढला नाही.

मिस्त्रींना बराच वेळ लागला. टिपरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भाऊ मान वर करून मिस्त्रींच्या पायांकडे बघत होता. ते खाली उतरले, जमिनीवर उभे राहिले, तेव्हा त्याने दार उघडलं आणि बटण दाबलं. मशीन जड आवाजात उचलली. मुरूम खाली गळायला लागला, दगड पुढे निघाले. मी ड्रायव्हरला हाताने खूण केली, ये मागे.