ग्रहणातली कैची

कुसुमबाईची जीभ तिच्या कैचीपेक्षा धारदार, हे आमच्या गोंदियातल्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नव्व्याण्णवच्या ऑगस्टात सूर्यग्रहण लागलं, त्या सांजेला ती आणि तिची पोटुशी सून अल्का ओट्यावर बिडीची पानं कापत बसल्या होत्या. शेजारची धुरपताबाई ओरडली, "कुसुम, पोटुशीच्या हातात कैची? लेकरू कापल्या कानाचं होईल!"

"आमी बुद्धाचे लोक. आमाले कायचं गिरान?" कुसुमबाईनं तिला झटकलं. "काप वं अल्का."

राजदीप दोन्ही कानांसकट, गुटगुटीत जन्मला. पण सहा-सात महिन्यांत पोर पांढरंफटक पडलं. डॉक्टर म्हणाले, थॅलेसेमिया. आता महिन्याच्या महिन्याला रक्त चढवावं लागेल. तेव्हापासून कुसुमबाईनं सुनेला कैचीला हात लावू दिला नाही. दोघींची पानं एकटीच कापायची, अल्कानं नुसत्या बिड्या वळायच्या. कोणी विचारलं तर म्हणे, "तिच्या बोटाले फोड येतेत." आम्हाला वाटायचं, सुनेचे लाड चाललेत. बाईनं मनातून हाय खाल्ली होती, हे आम्हा शहाण्यांना कळलंच नाही.

दहा वर्षांनी अल्काला पुन्हा दिवस गेले. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं. रक्ताला लाल करणारं प्रोटीन बनवायची कृती शरीर आधी उतरवून घेतं. त्या नकलेला आरएनए म्हणतात. तिच्यातले मधले बिनकामाचे तुकडे कापून टाकायचे आणि उरलेलं जोडायचं, ही रीत. राजदीपच्या कृतीत एक अक्षर बदललेलं आहे, म्हणून काप भलत्याच जागी बसतो आणि प्रोटीन धड बनत नाही.

कापण्याचं नाव निघताच कुसुमबाईचा चेहरा उतरला. "कवा चुकला हा काप, बाई? त्या गिरानात?"

"नाही हो आजी. ते अक्षर त्या ग्रहणाच्याही आधीचं, गर्भ राहिला तेव्हापासूनचं. एक अल्काकडून आलं, एक तुमच्या मुलाकडून, आणि त्याला तुमच्याकडून. एकच असलं तर माणूस ठणठणीत राहतो, तुमच्यासारखा. दोन्हीकडून आलं की आजार."

पुढे पोटातलं बाळही तपासलं. त्याला एकच आलं होतं.

जुलैत पुन्हा ग्रहण लागलं, या खेपेला सकाळचं. धुरपताबाईनं पुन्हा तोंड उघडलं. कुसुमबाई उठली आणि कैची आणून अल्काच्या हातात दिली.

"तवा मीच तुले कापाले लावलं. माह्याच पायी राजदीपचं असं झालं, हेच दहा वर्सं वाटून राहिलं होतं मले."

अल्कानं कैचीनं एक पान कापलं. "मले बी तसंच वाटे, आई," ती म्हणाली. "तुमाले लागंल म्हणून कदी बोलली नाई."