वासंतीबाईंचा कच्चा टाका

श्यामराव खडकीच्या कारखान्यात घडलेले. बत्तीस वर्षं तिथलं वायरिंग सांभाळून त्यांनी एकच शिकवण घरी आणली होती : बिघाड आहे म्हणजे कारण असणारच. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत नवराबायकोनं देवघरासाठी एलईडीचे दिवे करायला घेतले. डोकं श्यामरावांचं, हात वासंतीबाईंचा. बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, एकामागे एक जोडलेल्या तीन एलईडी आणि करंट आवरायला एक रेझिस्टर, एवढाच पसारा. दिवा तयार झाला की बाई चिमट्यानं टेबलावर दोनदा टकटक करायच्या. आतून श्यामराव म्हणायचे, "आलो." मग तपासणी आणि तपासणीत ठरलेलं भांडण.

सोल्डरचा टाका दिल्यावर तीन आकडे मोजायचे, तोवर तार हलू द्यायची नाही, हा श्यामरावांचा नियम. बाई दीडवरच हात काढायच्या.

"तीन म्हणजे तीन."

"मोजा तुम्ही. मी दुसरा घेते."

फेब्रुवारीत बाई गेल्या. त्यांच्या हातचा शेवटचा दिवा श्यामरावांनी त्यांच्याच फोटोसमोर भिंतीवर लावला. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला दिवा विझला, लागला, पुन्हा विझला, लागला. बरोब्बर दोनदा. तिसऱ्या संध्याकाळीही तेच झालं, तेव्हा श्यामरावांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आलो."

कर्वेनगरहून आलेल्या लेकीनं, उत्कर्षानं, ते ऐकलं. त्यांच्या ताटातली पोळी सकाळचीच, न खाल्लेली होती. आई गेली, आता हेही निघालेत, असं तिला स्पष्ट वाटलं.

"बाबा, कोणाला म्हणालात?"

"दिव्याला. दुसरं आहे कोण इथं?"

"मग कारण शोधा. सापडलं की माझ्याकडे राहायला यायचं."

श्यामरावांनी कबूल केलं. शोधायचं मात्र त्यांच्या जिवावर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कारण सापडू नये असं त्यांना वाटत होतं. पण कारखान्याची सवय. त्यांनी मीटर काढला. दिवा विझत होता तेव्हाही अ‍ॅडॉप्टर पुरते बारा व्होल्ट देत होता. रेझिस्टर ठणठणीत. तिन्ही एलईडी जागच्या जागीच मीटरनं एकेक लावून पाहिल्या, तिन्ही लख्ख. सगळं धड आणि तरी दिवा दोनदा विझणार. त्यांच्या मानेवर काटा आला. आणि खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी पावणेसातला त्यांनी भिंतीला तळहात टेकला. खाली सोसायटीचा पंप सुरू झाला. भिंतीतल्या पाइपला दोन हिसके बसले आणि दिवा दोनदा विझला. त्यांनी तो उतरवून भिंगाखाली धरला. मधल्या एलईडीच्या पायाशी टाका करडा, निस्तेज, आणि भोवती केसाएवढी चीर. तार हलली की जोड सुटे आणि एकाच माळेतल्या तिघीही विझत. टाका दीड आकड्याचा होता. श्यामरावांनी भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ रडून घेतलं.

"सापडलं?" उत्कर्षानं फोनवर विचारलं.

"सापडलं. चूक तुझ्या आईची आहे."

"दुरुस्त केलीत?"

"छत्तीस वर्षांच्या संसारात जमलं नाही. आता काय जमणार?"

कर्वेनगरच्या घरी त्यांनी दिवा तसाच, टाक्याला हात न लावता, हॉलच्या भिंतीवर लावला. या भिंतीत पाइप नव्हता, पंप पार मागच्या आवारात होता, हे उत्कर्षानं खाली जाऊन आधीच पाहिलं होतं. तीन संध्याकाळी दिवा शांत जळला. श्यामराव पोटभर जेवू लागले. पावणेसातला मात्र त्यांचे डोळे दिव्याकडे जात आणि रिकामेच परत येत.

चौथ्या संध्याकाळी उत्कर्षा चहा घेऊन आली. घड्याळात पावणेसात. दिवा विझला, लागला. विझला, लागला.

तिनं कप खाली ठेवला आणि भिंतीला हात लावला. भिंत गप्प होती. पंखा बंद होता, खिडकीही लावलेली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मीटर काढता का?"

श्यामरावांनी मीटरच्या पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा इतका निवांत तिनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिनं त्यांची बाही घट्ट धरली.

तिचा हात त्यांनी मायेनं सोडवला.

"आलो," ते म्हणाले आणि उठले.