लिंबू, दांडपट्टा आणि माझा हात

एकसष्ट-बासष्ट साली मी राळेगावच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि स्वतःला मोठा फोटोग्राफर समजत होतो. कॅमेरा जुनाच होता. पण नागपूरहून त्यावर लावायचा फ्लॅश आणला आणि माझी चालच बदलली. चकचकीत वाटीसारखी त्याची तबकडी, मध्ये काचेचा बल्ब. एक बल्ब एकदाच पेटायचा, मग फेकून द्यायचा. माझ्याकडे तीनच होते.

आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारे वस्ताद होते. जयंतीच्या मिरवणुकीत ते दांडपट्टा फिरवत, आणि माणसाच्या तळहातावर ठेवलेला लिंबू कातडीला न लागता कापत. तो लिंबू दुभंगताना अगदी जवळून टिपायचा, असं मी ठरवलं. वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "कापतो ना. पन हात कोनाचा?"

"माझा," मी म्हणालो. बोलण्यात माझा हात कोणी धरत नसे.

दिवेलागणीला आमच्या अंगणात सगळं मांडलं. कॅमेरा तिपाईवर चढवला. भिंगावर आणखी एक भिंग बसवलं, सुतळीनं दोन फुटांचं अंतर मोजलं. माझा हात लिंबाखाली गुंतणार, म्हणून बटण दाबायचं काम बायकोवर आलं. पहिला बल्ब मी फुशारकीनं तिला शिकवण्यातच घालवला. "असं दाबायचं," म्हणत दाबलं, आणि लख्ख उजेडात कुंपणाशी बांधलेली वस्तादांची शेळी दावं तोडून पळाली. शेळी सापडेपर्यंत अर्धा तास गेला.

मग मी हात पुढे केला. तळहातावर लिंबू ठेवला.

"हालू नोका मास्तर," वस्ताद म्हणाले.

"छे!"

पट्टा सूं सूं करत डोक्यावरून फिरू लागला. तोवर मला वाटत होतं, मी फोटोचा विचार करतोय. तेवढ्यात मला माझ्या पाच बोटांची फार माया वाटू लागली. पट्टा खाली आला, बल्ब पेटला, आणि मी डोळे मिटून कोणाला तरी हाक मारली. बायको म्हणते, आईला मारली.

डोळे उघडले तर लिंबू अख्खाच्या अख्खा मातीत पडलेला.

"मास्तर," वस्ताद शांतपणे म्हणाले, "मी त बराबर आलतो. तुमचा हात कोठी गेलता?"

मी फ्लॅशवर खापर फोडलं. डोळे दिपले म्हणालो. बायकोनं लिंबू उचलला, पदरानं पुसला.

"तुम्ही तुमचं बटन दाबा," ती म्हणाली. "वस्ताद, घ्या माया हात."

"काहून भेत नाई वो बाई?"

"भेतो ना. पन हात हालला त तुम्हालेच वाईट वाटन."

नको म्हणणार, तर पट्टा फिरूही लागला. माझी बोटं एवढी थरथरत होती की शेवटचा बल्ब मी पेटवला की थरथरीनं पेटवला, हे आजही सांगता येत नाही. लिंबाच्या दोन फाका उडाल्या. तिनं हात झटकला, रस पुसला आणि पुन्हा सुटलेल्या शेळीला बांधायला गेली.

रोल यवतमाळला धुवायला दिला. स्टुडिओवाल्यानं लिंबाचे दोन्ही फोटो समोर ठेवले. एकात हवेत अधांतरी लिंबू, पट्ट्याची पांढरी रेघ, आणि कोपऱ्यात पळणारी चार बोटं. दुसऱ्यात बांगड्यांचा हात, तळवा सपाट, आणि त्याच्या वर दोन फाका अशा थांबलेल्या की रसाचे थेंबही मोजावेत.

"हा कुठल्या पहिलवानाचा हात?" स्टुडिओवाल्यानं हसत विचारलं.

"आमच्या घरचा," मी म्हणालो, आणि पळणाऱ्या बोटांचा फोटो हळूच खिशात घातला. वस्तादांनी मात्र तोच मागून घेतला. तो त्यांनी घरात दारासमोरच लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत, "हा आपल्या मास्तरचा हात. पट्ट्याहून जोरात पयते."